डाव्या बाजूची मिशी

द्वारकेचं लग्न झालं ते फसली तेराशे पन्नास साल, म्हणजे इंग्रजी एकेचाळीस. माघाचा महिना होता. हट्टा गावच्या शिवारात ज्वारी काढणीला आली होती आणि नवरीचा बाप तातेराव मांडवात बसून पंगतीला "सावकाश होऊ द्या" म्हणत होता. त्याच्या स्वतःच्या पानावरची पोळी मात्र तशीच होती. व्याह्यानं आग्रहानं वांग्याच्या भाजीचा घास त्याच्या तोंडात घातला, तसा तातेराव पाटावरून असा उठला की जणू खालून इंगळीच डसली. डोळ्यांतून पाणी घळाघळा. सगळ्यांना वाटलं, लेक सासरी चालली म्हणून बापाला गलबलून आलं. दोनचार बायांनी पदर डोळ्यांना लावले. खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, आशाबाईला, ठाऊक होतं. डाव्या गालफडात, जिथं तंबाखू-चुन्याची गोळी वीस वर्षं मुक्कामाला होती, तिथं तीन महिन्यांपासून एक फोड बसला होता आणि तो काही उठायचं नाव घेत नव्हता.

"लेक लावून दिली की दाखवतो," असं तातेराव दिवाळीपासून म्हणत आला होता. तोवर त्यानं तुरटी लावून पाहिली, कात लावला, हळद दाबली. आशाबाईनं मांडव उतरायच्या आत आपल्या भावाला बोलावून घेतलं. तो सोनाजी. वसमतला कापसाची दलाली करायचा, दख्खनी उर्दू चांगली बोलायचा, आणि मुंबई दोनदा पाहून आला होता, पण सांगितली होती दोनशे वेळा.

वसमतच्या सरकारी दवाखान्यात एक म्हातारे मुसलमान डॉक्टर होते. त्यांनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं, बोटानं चाचपलं आणि चश्मा काढून पुसला.

"पटेल, ये सरतान है. मलम से नहीं जाता."

सरतान म्हणजे कॅन्सर. सोनाजीनं तो शब्द दाजींच्या कानात सांगितला. डॉक्टर मात्र म्हणाले की, अजून छोटा आहे, ही नशिबाची गोष्ट. मुंबईला याच रोगासाठी नवा मोठा दवाखाना निघाला आहे, तिथं विजेच्या किरणांनी इलाज करतात, महिन्याभरात निघा.

तातेराव घरी आला आणि ओट्यावर बापाशेजारी बसला. बाप, म्हणजे सटवाजी, पंच्याहत्तरीचा गडी, अंबाडीची दोरी वळत बसला होता. त्याला गावात सगळे आबा म्हणत. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोरीला पीळ दिला.

"विजेनं? आपल्याकडं तर वीज पडली की झाड मरतं."

"आबा, ती येगळी वीज," सोनाजी म्हणाला. "मुंबईची वीज शिकलेली हाय."

"मग जाऊ द्या त्याला. शिकलेल्याचं ऐकावं."

झालं. पाडव्याची गुढी उतरवून दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. वसमतहून पूर्णा, पूर्णेहून मनमाड, तिथं मोठ्या गाडीत बसून मुंबई.

इथं तातेरावाच्या मिशीबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. ती मिशी हट्ट्यापासून वसमतपर्यंत ओळखीची होती. भरगच्च, काळीभोर, दोन्ही टोकं वर. बैलाचा सौदा करताना तिच्यावरून हात फिरवल्याशिवाय तातेराव आकडा बोलत नसे, आणि समोरचा माणूस त्याच्या बोटांकडं बघून भाव ओळखायचा. तेल लावायला दर शनिवारी मुंजाजी वारीक घरी यायचा. आमच्याकडं न्हाव्याला वारीक म्हणतात. मुंजाजी म्हणायचा, "पाटील, तुमची डाढी म्या करतो, पण मिशीला हात लावताना मला पायतान काढून ठेवावं वाटतं."

मुंबईच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, मराठी बोलणारे, घाईत असले तरी सांगताना बसून सांगणारे. आधी त्यांनी दोन किडके दात काढायला लावले. मग जांभळ्या शाईनं डाव्या गालावर चौकोन आखला आणि तो धुवायचा नाही अशी ताकीद दिली.

"तुमच्या वडिलांच्या वेळी हे किरण एकदोन दिवसांतच भरमसाट द्यायचे," डॉक्टर म्हणाले. "किती दिले ते कळायचं कसं? तर कातडी लाल होईपर्यंत. माणूस भाजून निघायचा आणि आजार पुन्हा उठायचा. आता मोजायचं यंत्र आलं आहे. रोज थोडे, मोजून, पाच आठवडे. चांगल्या भागाला मधल्या वेळात सावरायला मिळतं, आजाराला तेवढं सावरता येत नाही."

"म्हंजी कोळप्यासारखं," तातेराव म्हणाला. "एकदाच खोल हाणलं तर पीक बी उपटतं. हलक्या हातानं चारदा फिरवलं तर निस्तं तण मरतं."

डॉक्टर हसले. "हे मी उद्यापासून सगळ्यांना सांगणार. आता त्रासाचं ऐका. तोंड सोलल्यासारखं होईल, लाळ आटेल, चव जाईल. कातडी काळवंडेल. आणि या चौकोनातले केस गळतील."

"डाढीचे ना? बरंच झालं, मुंजाजीचं काम कमी."

"मिशीचेही. डाव्या बाजूची."

तातेरावानं सोनाजीकडं पाहिलं. सोनाजीनं खिडकीकडं.

"मंग येती ना माघारी?"

"कदाचित येईल, कदाचित नाही. खोटी हमी देत नाही."

यंत्राच्या खोलीत त्याला फळीवर निजवलं, चौकोन सोडून बाकी तोंडावर शिशाचा पत्रा ठेवला, आणि सगळे बाहेर गेले. जाड दार लागलं. मोठी माशी घोंगावावी तसा आवाज सुरू झाला. तातेरावानं डोळे मिटले, मुठी आवळल्या, कुलदैवत आठवलं. आवाज बंद झाला. दार उघडलं.

"उठा. झालं."

"काय झालं?"

"आजचं झालं."

बाहेर आल्यावर तो सोनाजीला म्हणाला, "सोनाजी, हे लोक फशिवतात. ना उजेड, ना चटका, ना वास. चुलीपुढं बसलं तरी याच्यापरीस जास्त शेक लागतो."

दहाव्या दिवशी त्यानं हे शब्द मागं घेतले. तोंड आतून असं सोललं की पाण्याचा घोटही काट्यासारखा उतरायला लागला. थुंकी पार आटली, जीभ वाळल्या चामड्यासारखी टाळूला चिकटायची. सोनाजी रोज भात ताकात कालवून आणायचा आणि तातेराव खाणाखुणा करून सांगायचा की, माती आण, तिला तरी वास असतो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यानं सवयीनं मिशीला पीळ द्यायला हात नेला. उजव्या हातातली मिशी जागेवर राहिली. डाव्या हातातली हातात आली.

तो बराच वेळ चिमटीतल्या केसांकडं बघत बसला. मग ते कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवले. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पाच आठवडे संपले तेव्हा डॉक्टरांनी तोंडात पाहिलं. फोड निम्म्याहून जास्त वितळला होता. "छान. आता घरी जा, कातडी भरू द्या. मग परत या. उरलेल्या गाठीत आपण रेडियमच्या सुया घालणार आहोत. बारीक सुया, आठदहा, सात दिवस गालात ठेवायच्या. त्यांच्यातून हेच किरण आतल्या आत जागेवर पडतात." त्यांनी पंचांग मागवलं आणि तारखेवर बोट ठेवलं. "ज्येष्ठी पौर्णिमेच्या आत इथं पाहिजे. त्याच्यापुढं गेलात तर हे पाच आठवडे पाण्यात गेले असं समजा. उरलेलं पुन्हा वाढेल, आणि दुसऱ्यांदा एवढा मारा कातडीला सोसणार नाही."

तातेरावानं मान डोलावली. पण 'गालात सुया' हे ऐकलं तेव्हा त्यानं गालापुढं हात धरला, आणि का ते सोनाजीलाही सांगितलं नाही.

मनमाडला गाडी बदलायची होती. फलाटावर माणसं तातेरावाकडं बघायची आणि तोंड फिरवून हसायची. एका बाजूला गरुडाचा पंख, दुसऱ्या बाजूला काळवंडलेला उघडा ओठ.

"दाजी," सोनाजी म्हणाला, "राग मानू नगा. पर असं अर्धवट गेलात तर पोळ्याच्या बैलागत गावातून मिरवणूक निघंल. एक तर दोन्ही पाहिजेत, न्हाई तर एक बी नको."

स्टेशनाबाहेरच्या अनोळखी न्हाव्यानं दोन हातांत उरलेली मिशी उतरवली. डाव्या गालाला वस्तरा लावायचा नव्हता, तिथं लावायला काही नव्हतंही. तातेरावानं डोक्या-तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि दोघं गाडीत बसले. दोघांपैकी एकालाही त्या घटकेला एक साधी गोष्ट आठवली नाही. आपल्याकडं माणूस मिशी केव्हा काढतो? बाप मेल्यावर.

वसमत स्टेशनावर सोनाजी बैलगाडी बघायला गेला आणि तातेराव वळकटीवर बसला. गरमीनं उपरणं खाली सरकलं होतं. समोरून आला हिरासिंग, हट्ट्याजवळच्या तांड्यावरचा, बैलांच्या बाजारातला जुना दोस्त. तो हिंगोलीची गाडी धरायला आला होता. त्यानं तातेरावाचा उघडा ओठ पाहिला, सुकलेलं तोंड पाहिलं, डोळ्यांतलं पाणी पाहिलं, आणि तो जवळ येऊन गुडघ्यावर बसला.

"पाटील, देवापुढं कोनाचं चालतं. धीर धरा."

तातेरावाला वाटलं, याला आजाराचं कळलं. तोंड सोललेलं, बोलायची तर चोरीच. त्यानं मान हलवली.

"तकलीफ झाली का लई?"

तातेरावानं पुन्हा मान हलवली. झालीच होती.

"मोठं मानूस. आसं मानूस पुन्हा व्हनं न्हाई," असं म्हणून हिरासिंगानं डोळे पुसले. तातेरावाला वाटलं, गडी आपल्यावर फारच माया करतो. तेवढ्यात शिट्टी झाली आणि हिरासिंग धावत गाडीत चढला. हिंगोलीहून त्याला कळमनुरीच्या बाजाराला जायचं होतं. कळमनुरीत सटवाजीची धाकटी बहीण गोजरबाई दिली होती.

घरी आल्यावर सटवाजीनं लेकाला खालून वर न्याहाळलं. "बारीक झालास. मिशी कुठाय?" तातेरावानं खिशातली पुडी काढून दाखवली. म्हातारा खो खो हसला आणि पुडी कोनाड्यात ठेवून दिली. आशाबाई हसली नाही. तिनं लोण्याची वाटी आणली होती गालाला लावायला, तर सोनाजी ओरडला, "तूप न्हाई, लोनी न्हाई, हळद न्हाई! निस्तं सावलीत ठेवायचं. डाक्टरनं बजावलंय."

"आन् पुन्हा कवा जायचं?"

"ज्येष्ठाच्या पुनवेच्या आत."

आशाबाईनं बोटांवर दिवस मोजले आणि ती तारीख डोक्यात पक्की केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी वेशीकडून आक्रोश ऐकू आला. छकड्यातून गोजरबाई येत होती, मोकळे केस, कपाळावर हात मारत. मागं तिची सून, हातात पाण्याचा तांब्या. "माझा दादा गं माय! मला न सांगता कसा गेलास रं दादा! आता मला म्हायेर कुठलं!" गल्लीतली माणसं हातातलं काम टाकून बाहेर आली. सटवाजीसुद्धा दोरी खाली ठेवून ओट्यावर उभा राहिला. त्याला वाटलं, बहिणीच्या घरी काही बरंवाईट झालं.

"गोजरे, कोन गेलं गं?"

गोजरबाईनं मान वर केली.  मग तिनं अशी किंकाळी फोडली की छकड्याचे बैल उधळले.

"भूत!"

"भूत तुझा सासरा! म्या सटवा हाय. पानी दे गं हिला कोनी."

पाणी प्याल्यावर, दादाचे हात चाचपून पाहिल्यावर, तिनं हिरासिंगाचं नाव सांगितलं. तातेरावानं कपाळावर हात मारला. गल्ली हसून हसून लोळली. एक म्हातारी म्हणाली, खोटी आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, आबा आता शंभरी गाठतील. सटवाजी म्हणाला, "वाढलंच हाय तर थोडं हिरासिंगाला द्या. त्याचे बैल लवकर मरतात."

पण हसणं ओसरल्यावर गोजरबाईची नजर भाच्याच्या ओठावर गेली आणि ती गंभीर झाली. "तात्या, बाप जिता असताना तू सोता होऊन मिशी काढलीस? हे बापाचं मरन बोलावनं झालं. आता वाढव ती."

"आत्या, उजवी वाढंल. डावी न्हाई वाढत."

"मंग उजवी तरी ठेव!"

चार दिवसांत उजव्या बाजूला खुंट फुटले. तातेराव मुंजाजी वारकाकडं गेला, तर त्यानं वस्तरा धोकटीत परत घातला. "पाटील, मनमाडच्या न्हाव्याचं पाप मनमाडला. म्या आबाचं मीठ खाल्लंय. आबा ओट्यावर बसून दोरी वळून राहिले, आन् म्या त्यांच्या पोराची मिशी काढू? माझा हात झडंल." म्हणजे गावात मिरवायचं तर अर्ध्या मिशीनं, नाहीतर तोंडाला फडकं बांधून. तातेराव फडकं बांधून फिरायला लागला.

आणि त्याच आठवड्यात सटवाजीला थंडीताप आला.

पाच दिवस म्हातारा गोधड्यांखाली थडथडत होता. जो आला त्यानं आधी म्हाताऱ्याकडं पाहिलं आणि मग लेकाच्या ओठाकडं. गोजरबाई घरी परत गेलीच नव्हती. तिनं दादाच्या उशाशी बसून सुनावलं, "आता हा मुंबईला गेला, आन् तिकडून पुन्हा बोडका होऊन आला, की खरंच रडायला यावं लागंल मला."

"बराबर हाय आत्याचं," तातेराव म्हणाला. "मी काही जात न्हाई."

आशाबाई चुलीपुढून उठून आली. "काय म्हनलात?"

"आबाच्या जिवापरीस माझं गालफाड मोठं न्हाई."

"द्वारकेच्या बापा, पुनवेला बारा दिवस ऱ्हायलेत. पुनवेला मी वडाला फेऱ्या मारू का तुमाला गाडीत घालू? एकच काहीतरी होईल माझ्यानं. वडाला तुमच्यासाठी आयुष्य मागायचं आन् तुमी घरी बसून ते वाया घालवायचं, हा कुठला धंदा?"

"फोड बरा झालाय की."

"निम्मा. निम्म्याचं निम्मं ऱ्हायलं तरी ते पुन्हा पिकतं, डाक्टरनं सांगितलंय. सोनाजी सगळं बोललाय मला."

तातेराव उठून गोठ्यात गेला. बापासाठी माघार घेणारा लेक गावाला गोड वाटत होता. पारावर दोघांनी त्याची तारीफही केली. पण त्या तारिफेनं त्याला आतून बरं वाटत नव्हतं.

ताप उतरल्यावर सटवाजी काठी टेकत ओट्यावर आला. घरात तेव्हा कोणी नव्हतं, बाया ओढ्यावर गेल्या होत्या. त्यानं लेकाला समोर बसवलं.

"फडकं काढ."

तातेरावानं काढलं. एका बाजूला ओठावर कुसळं, दुसऱ्या बाजूला काळी चकचकीत कातडी.

"खरं सांग. मिशीपायी बसलास का सुयांपायी?"

 जवळच्या अंबाडीचा एक धागा तातेरावानं बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"आबा, बैलाच्या नाकात येसन घालताना म्या धरलेलं हाय. गडी कसा थरथरतो. इथं तर दहा. सात दिवस. गालात." मग तो हळूच म्हणाला, "सुयांपायी."

सटवाजी रागावला नाही. "मंग आसं करू. मिशीचं मी निपटतो. सुयांचं तू निपट."

"मिशीचं तुमी काय निपटणार?"

"तेरवी घालतो."

"कोनाची?"

"माझी."

घरात रणकंदन झालं. गोजरबाईनं छाती पिटली, जित्या माणसाची तेरवी कधी कोणी ऐकली नाही म्हणाली. सटवाजी म्हणाला, "संन्यास घेणारे गोसावी सोताचं श्राद्ध सोता उरकूनच निघतात. म्या तर घर बी सोडीना. मी मेलो म्हणून तू रडून घेतलंस, सगळ्या कळमनुरीला सांगून झालं, पोरानं मिशी काढून झाली, ताप येऊन झाला. आता निस्तं जेवन ऱ्हायलंय. ते काहून ठेवायचं?" गावच्या जोशीबुवांना विचारलं, तर त्यांनी पंचांग उलटसुलट करून सांगितलं की जिवंतपणी आपलं श्राद्ध करायला शास्त्राची ना नाही, आणि दशमी चांगली आहे.

दशमीला सकाळी मुंजाजी वारीक धोकटी घेऊन आला. ओट्यावर सगळ्या गावादेखत तातेरावाला बसवलं. मुंजाजीनं वस्तरा हातात घेतला आणि सटवाजीकडं पाहिलं. "आबा, तुमी मेलात ना? नक्की सांगा. उगं माझ्यावर यायचं."

"मेलो मेलो. हाण."

मुंजाजीनं उजवी बाजू सफाचट केली. आता ओठ दोन्ही अंगांनी सारखा झाला आणि त्याला कोणी बोट लावायचं कारण उरलं नाही.

दुपारी पंगत बसली. गव्हाच्या पोळ्या, वरण, वांग्याची भाजी, गुळवणी. पहिल्या पंगतीत मधोमध सटवाजी. "मेलेल्याला आधी वाढा," म्हणाला, आणि हात धुऊन बसला. मग त्याला आणखी एक लहर आली. मेल्यावर माणसं काय बोलतात ते त्याला ऐकायचं होतं. शेजारच्या शेताचा धनी उठून म्हणाला, "आबा लई सरळ मानूस होता."

"होता काय? बसलाय समोर. आन् सरळ कधी होतो मी? तुझा बांध दोन हात कोरलाय म्या, तुझ्या बापाच्या वेळी. मरायच्या आधी सांगून टाकतो."

"ठावं हाय आबा. म्हनून तर तेरवीला आलो. खातरजमा करायला."

पंगत हसली. गोजरबाईलाही पदराआड हसू आलं. सटवाजीनं तीन पोळ्या खाल्ल्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणाला, आणि आपल्या तेरवीला आपण यापेक्षा बऱ्या स्वैपाकिणी बोलावल्या असत्या असंही म्हणाला. आशाबाईनं ते मनाला लावून घेतलं नाही. तिचं लक्ष नवऱ्याकडं होतं. तो ताकात कुस्करलेला भात चमच्या-चमच्यानं गिळत होता, प्रत्येक घोटाला डोळे मिटत होता, आणि बापाकडं बघून हसतही होता.

पान उचललं, तसं सटवाजीनं लेकाला हाक मारली. सगळ्यांदेखत नाही, बाजूला नेऊन. "माझं झालं. आता तुझं."

"व्हय आबा."

दुसऱ्या दिवशी पहाटे छकडा निघाला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तातेराव आणि सोनाजी दवाखान्याच्या पायऱ्या चढले. डॉक्टरांनी घड्याळाकडं नाही, पंचांगाकडं पाहिलं आणि मान डोलावली.

सुया घालताना गाल बधिर केला होता, तरी पहिली सुई शिरताना तातेरावाचा हात आपोआप ओठावर गेला. तिथं धरायला काही नव्हतं. मग त्यानं फळीची कड धरली. दहा सुया, प्रत्येकीला दोरा, दोऱ्यांची टोकं गालावर चिकटवलेली. परिचारिका सकाळ-संध्याकाळ यायची, लांबूनच दोरे मोजायची, हवं-नको बघायची आणि भराभर निघून जायची. रेडियमजवळ रेंगाळायचं नाही, असा तिथला नियम होता. सोनाजीला दारातच उभं राहावं लागे. तिथून तो गावच्या गोष्टी सांगायचा आणि तातेरावाला बोलता येत नसल्यामुळं मुंबईत पहिल्यांदाच सोनाजीचं कोणी मधे न तोडता ऐकून घेतलं.

दुखलं. पाचव्या-सहाव्या दिवशी गाल भाकरीसारखा फुगला आणि तातेरावाला वाटलं की दोरे ओढून काढावेत आणि चालत मनमाडला जावं. ओढले नाहीत. सातव्या दिवशी सुया निघाल्या, मोजून दहाच्या दहा.

आल्यावर दोन महिने तो आंबील आणि ताकावर जगला. तोंडाला कोरड इतकी की शेतावर जाताना खांद्यावर कुदळ आणि हातात पाण्याचा लोटा, दोन्ही बरोबर लागायचे. लोटा पुढं कायमचाच राहिला. चव पोळ्याच्या सुमाराला थोडी थोडी परतली. डाव्या गालाची कातडी कडक आणि काळसर राहिली, त्या बाजूला केसाचं नाव नाही. वर्षानं तपासायला गेला तेव्हा डॉक्टरांनी बोट घालून चहूकडून पाहिलं आणि गाठ कुठंच सापडत नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही सापडली नाही. बेचाळिसाच्या पावसाळ्यात द्वारकेला मुलगा झाला, तेव्हा बारशाला तातेरावानं वांग्याची भाजी खाल्ली, पाणी पीत पीत, पण खाल्ली. तंबाखू मात्र सुटली ती सुटलीच. कोणी पुढं केली की तो गाल दाखवायचा.

गोजरबाई चव्वेचाळिसाच्या उन्हाळ्यात कळमनुरीला पटकीनं गेली. सटवाजी गेले इंग्रजी सत्तेचाळीसच्या जानेवारीत, पौषातल्या एका मंगळवारी, सकाळची न्याहारी झाल्यावर, एक्क्याऐंशीव्या वर्षी. अग्नी तातेरावानं दिला.